एफडिस्क म्हणतोय डिव्हाइस बिझी, रिसाइझही होत नाही. रीबूट करून टाकू का?

उद्यमबाग_स्टोअर

नमस्कार मंडळी. कारखान्यात ड्रॉइंग आणि बिलं ठेवायची मशीन आहे, डेबियन लिनक्स १२. मूळ इन्स्टॉलेशन डेबियन ५ चं, तिथून एकेक आवृत्ती चढवत आणलेलं. जुन्या पद्धतीचं साधं बायोस बूट, नवं यूईएफआय नाही. रूट (सिस्टिम आणि फायलींचं मुख्य पार्टिशन) ईएक्सटी३ फाइल सिस्टिमचं. ५०० जीबीची डिस्क भरली म्हणून डीडी कमांडनं अख्खी डिस्क जशीच्या तशी २ टीबीवर उतरवली. नव्या डिस्कवरून मशीन नीट सुरू झाली.

रूट पार्टिशन वाढवायचं होतं. त्याच्या मागं एक्स्टेंडेड (आत दुसरी पार्टिशन ठेवायचं) आणि त्यात स्वॅप (रॅमला जोड म्हणून डिस्कवरची जागा), म्हणून वाट अडलेली. त्यामुळं स्वॅपऑफ केलं आणि एफडिस्कमध्ये (पार्टिशन पाडायचा प्रोग्रॅम) पार्टिशन ५, २, १ तिन्ही उडवली. नवं १ बनवलं: पहिला सेक्टर विचारला तिथं एंटर, शेवटचा ३८९०२५१७७५. नवं २ त्याच्या पुढं ८ जीआयबीचं, टाइप ८२ (स्वॅप). मग डब्ल्यू, म्हणजे डिस्कवर लिही.

डब्ल्यू दाबल्यावर आलं: पार्टिशन टेबल पुन्हा वाचता आलं नाही, डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी, कर्नल (लिनक्सचा गाभा) जुनंच टेबल वापरतोय, नवं पुढच्या रीबूटला लागू होईल.

कर्नलला नवं टेबल कळवायला पार्टप्रोब चालवलं, तीच तक्रार. वाढवायचा प्रोग्रॅम रिसाइझ२एफएस म्हणतो फाइल सिस्टिम आधीच १२१०४९७६७ ब्लॉकची आहे, करायचं काही नाही. स्वॅप तयार करायचा एमकेस्वॅप /डेव्ह/एसडीए२ (एसडीए ही डिस्क, २ पार्टिशन) म्हणतो स्वॅपला निदान ४० केआयबी तरी हवेत. एलएसबीएलके रूट ४६१.८ जी दाखवतो, एफडिस्क १.८ टी.

सगळ्या फायली उघडतात, काम सुरू आहे. रीबूट केलं की होईल असं तोच सांगतोय, तर करून टाकू काय? पाऊस लागलाय, करंट जाऊन-येऊन आहे, मशीन इन्व्हर्टरवर आहे.

घाटमाथा

रीबूट अजिबात करू नका. पार्टप्रोबही परत मारू नका. आणि आधी उठून इन्व्हर्टर यूपीएस मोडवर टाका. साध्या मोडमध्ये मेनवरून बॅटरीवर जाताना जो खंड पडतो तो संगणकाच्या एसएमपीएसला सोसेलच असं नाही. तुमच्या बाबतीत आत्ता करंट जाणं म्हणजे रीबूटच.

तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट खटकली. जुन्या पार्टिशनच्या नेमक्या जागी नवं बनवलं की एफडिस्क थांबून विचारतो: इथं ईएक्सटी३ ची सिग्नेचर (ओळखखूण) आहे, काढू का? (उत्तर कायम नाही, म्हणजे एन.) तुम्ही त्याचा उल्लेखच केला नाहीत. त्यानं विचारलं नसेल तर त्याचा अर्थ, त्या जागी त्याला फाइल सिस्टिम दिसली नाही. म्हणजे सुरुवातीचा सेक्टर चुकलाय.

संशयाला कारण आहे. डेबियन ५ च्या काळचे इन्स्टॉलर पहिलं पार्टिशन सेक्टर ६३ वर सुरू करायचे, कारण जुन्या सिलिंडर-हेडच्या हिशोबात एका ट्रॅकला ६३ सेक्टर आणि पहिला ट्रॅक एमबीआरसाठी (बूटचा कोड आणि पार्टिशन टेबल असलेला पहिला सेक्टर) राखीव. आताचा एफडिस्क १ एमआयबीवर, म्हणजे २०४८ वर सुरू करतो. तुम्ही एंटर दाबलात म्हणजे २०४८ घेतलं.

आता हे बघा (कमांड देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये रोमनमध्ये आणि रोमन आकड्यांत टाका; मोठं अक्षर हवं तिथं तसं सांगेन):

कॅट /एसवायएस/ब्लॉक/एसडीए/एसडीए१/स्टार्ट
कॅट /एसवायएस/ब्लॉक/एसडीए/एसडीए१/साइझ

एसडीए२ आणि एसडीए५ चेही काढा. हे आकडे डिस्कवरचे नाहीत, चालू कर्नलच्या डोक्यातले आहेत, आणि कर्नलकडं अजून जुनं, बरोबर टेबल आहे. तुमचे दोन आकडे जुळत नाहीत ते त्यामुळंच: एलएसबीएलके कर्नलला विचारतो, एफडिस्क डिस्क वाचतो. मशीन बंद झाली की ही आठवण गेली. आकडे कागदावर उतरवा. त्याच डिस्कवर फाइल करून ठेवण्यात अर्थ नाही.

उद्यमबाग_स्टोअर

बाप रे. सिग्नेचरचं खरंच काही विचारलं नव्हतं. कर्नलचे आकडे:

एसडीए१: स्टार्ट ६३, साइझ ९६८३९८१३७
एसडीए२: स्टार्ट ९६८३९८२००, साइझ २
एसडीए५: स्टार्ट ९६८३९८२६३, साइझ ८३६९८०२

एफडिस्कमध्ये एसडीए१ चा स्टार्ट २०४८ आहे. म्हणजे डेटा गेला काय?

घाटमाथा

डेटाला धक्का लागलेला नाही. एफडिस्कनं सेक्टर शून्यातल्या टेबलात ओळी बदलल्या, इतकंच. पार्टिशन टेबल म्हणजे सातबारा. उतारा चुकला म्हणून शेत हलत नाही. पण रीबूट केलं असतंत तर कर्नल आणि ग्रब (मशीन सुरू करणारा बूटलोडर) दोघेही नवा उतारा घेऊन २०४८ वर गेले असते. फाइल सिस्टिमचा सुपरब्लॉक (तिची मूळ माहिती असलेला भाग) पार्टिशनच्या सुरुवातीपासून १०२४ बाइटवर असतो. तुमचा खरा आहे सेक्टर ६५ वर, त्यांनी शोधला असता २०५० वर. ग्रब रेस्क्यूचा काळा पडदा आला असता.

आधी खात्री करा. सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणून ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२२५६:

बीएलकेआयडी -पी -(मोठा)ओ ३२२५६ /डेव्ह/एसडीए

ही फक्त वाचते. ईएक्सटी३ आणि तुमच्या एफएसटॅबमधल्या (कुठलं पार्टिशन कुठं जोडायचं ती यादी) रूटचीच यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा ओळख क्रमांक) दिसली पाहिजे. दिसली नाही तर इथंच थांबा आणि लिहा.

मग दोन बॅकअप, दोन्ही पेनड्राइव्हवर. एसएफडिस्क -डी /डेव्ह/एसडीए चं आउटपुट (डंप) एका फाइलमध्ये, आणि डीडीनं पहिले ६३ सेक्टर (बीएस=५१२ काउंट=६३). दुसऱ्यात एमबीआर आणि त्याच्यामागं लपलेला ग्रबचा कोअर इमेज दोन्ही येतात.

दुरुस्ती एफडिस्कनं करू नका. तो डॉस कंपॅटिबिलिटी चालू केल्याशिवाय ६३ घेणार नाही, व्हॅल्यू आउट ऑफ रेंज म्हणेल. एसएफडिस्क मुकाट्यानं घेतो. काढलेल्या डंपची एक प्रत करा आणि प्रतीत फक्त शेवटच्या दोन ओळी अशा करा:

/डेव्ह/एसडीए१ : स्टार्ट=६३, साइझ=३८९०२५१७१३, टाइप=८३, बूटेबल
/डेव्ह/एसडीए२ : स्टार्ट=३८९०२५१७७६, साइझ=१६७७७२१६, टाइप=८२

वरच्या लेबल, लेबल-आयडीच्या ओळींना हात लावू नका. साइझ ही शेवट वजा सुरुवात अधिक एक, म्हणून ३८९०२५१७७५ – ६३ + १. इथं एकानं चुकणारे फार. बूटेबल विसरू नका. तुम्ही पार्टिशन उडवलंत तेव्हा तो फ्लॅगही गेला, आणि काही जुने बायोस त्याच्याशिवाय डिस्ककडं बघतसुद्धा नाहीत.

जुनीच साइझ आधी परत लिहायची गरज नाही. फाइल सिस्टिमपेक्षा पार्टिशन मोठं असलं तर काही बिघडत नाही. उलटं झालं, पार्टिशन लहान पडलं, तर कर्नल बॅड जॉमेट्री म्हणत माउंटच (वापरासाठी जोडणं) नाकारतो.

आधी कोरडी फेरी: एसएफडिस्क --नो-अ‍ॅक्ट --नो-रीरीड --फोर्स /डेव्ह/एसडीए, पुढं '<' आणि फाइलचं नाव. आकडे पटले की नो-अ‍ॅक्ट काढून तीच कमांड, सोबत --वाइप-पार्टिशन्स नेव्हर. नो-रीरीड हवंच, नाहीतर डिस्क वापरात आहे म्हणून तो अडून बसतो.

एवढं झालं की करंट गेला तरी मशीन उठेल. नंतर रीबूट न करता:

पार्टएक्स -यू --एनआर १ /डेव्ह/एसडीए
रिसाइझ२एफएस /डेव्ह/एसडीए१

सुरुवात तीच असेल तर माउंट असलेल्या पार्टिशनचा फक्त आकार कर्नलला वाढवून सांगता येतो, ३.६ पासून ती सोय आहे.

उद्यमबाग_स्टोअर

बीएलकेआयडीत यूयूआयडी जुळली. पेनड्राइव्हवर दोन्ही घेतलं. एसएफडिस्क लिहून झालं, एफडिस्क -एल आता स्टार्ट ६३ दाखवतो. जीव भांड्यात पडला.

पण पार्टएक्स -यू अडलं: पार्टिशन १ अपडेट झालं नाही, डिव्हाइस बिझी. रूट माउंट आहे म्हणून काय?

निपाणी_टर्मिनल

मधे पडतो. रूट माउंट असल्याचा इथं संबंध नाही. कर्नलच्या डोक्यात एसडीए२ आणि एसडीए५ अजून जुन्या जागीच आहेत, ९६८३९८२०० च्या पुढं. एसडीए१ वाढवलं तर त्यांच्या अंगावर चढतं. एकावर एक येणारं पार्टिशन कर्नल घेत नाही, आणि त्यासाठीही तो तोच बिझीचा एरर देतो. शब्द एकच, कारणं दोन, म्हणून माणूस फसतो.

आधी ती दोन कर्नलमधून काढा, आधी आतलं, मग बाहेरचं:

पार्टएक्स -डी --एनआर ५ /डेव्ह/एसडीए
पार्टएक्स -डी --एनआर २ /डेव्ह/एसडीए

हे डिस्कवर काही लिहीत नाही, फक्त कर्नलची यादी. मग -यू --एनआर १, आणि शेवटी -ए --एनआर २ नं नवं स्वॅप पार्टिशन दाखवा. पाच निघेना झालं तर कॅट /प्रॉक/स्वॅप्स बघा, स्वॅप पुन्हा चालू झालेलं असेल.

एमकेस्वॅपच्या ४० केआयबीचंही उत्तर यातच आहे. कर्नलच्या लेखी एसडीए२ म्हणजे जुनं एक्स्टेंडेड. ते नुसतं टोपलं, म्हणून कर्नल त्याचा आकार १ केआयबीच धरतो (तुमच्या यादीतली ती साइझ २, दोन सेक्टर). एमकेस्वॅप अडला ते बरंच झालं. कर्नल आणि डिस्क एकमत होईपर्यंत एमकेएफएस, एमकेस्वॅप असलं काही चालवूच नये. नाव एका जागेचं आणि शाई दुसऱ्याच जागी, असं होतं.

स्वॅप बनवताना जुनीच यूयूआयडी द्या: एमकेस्वॅप -(मोठा)यू, पुढं एफएसटॅबमधली स्वॅपची यूयूआयडी, मग /डेव्ह/एसडीए२. नवी दिली तर एफएसटॅब बदला, /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्यूम बदला, अपडेट-इनिटरॅमएफएस करा. त्यातली रिझ्यूमची फाइल हमखास राहते. मग दर बूटला मशीन सस्पेंडचं डिव्हाइस शोधत अर्धा-अर्धा मिनिट बसते आणि लोक डिस्कला दोष देतात.

घाटमाथा

बरोबर, ओव्हरलॅपचं माझ्याकडून राहिलं. निपाणीकरांचा क्रम पाळा.

रिसाइझ२एफएस सुरू केल्यावर लगेच परत येणार नाही, घाबरू नका. ईएक्सटी४ वर हे काम झटक्यात होतं, कारण नव्या आयनोड टेबल्स (फायलींच्या नोंदींचे तक्ते) नंतर सावकाश भरायची सोय तिथं असते. जुन्या ईएक्सटी३ मध्ये ती नाही, प्रत्येक नव्या ब्लॉक ग्रुपची टेबल तिथल्या तिथं शून्यांनी भरावी लागते. तुमच्याकडं १२१०४९७६७ वरून ४८६२८१४६४ ब्लॉक होणार, म्हणजे अकरा हजारांवर नवे ग्रुप. ग्रुपला ८१९२ आयनोड आणि आयनोड २५६ बाइटचा असेल (डंपई२एफएस -एच मध्ये दिसेल) तर ग्रुपमागं २ एमआयबी, एकूण बावीसेक जीआयबी लिहायचं. लोक ड्रॉइंग उघडत असतील तर जेवणाच्या सुट्टीत लावा.

मधेच करंट गेला तर? माउंट असताना वाढवणं जर्नलमधून (बदल आधी नोंदवून ठेवायची वही) होतं. मशीन उठल्यावर तीच कमांड परत द्या, राहिलेलं पुढं चालू होतं. याच्या उलट, जीपार्टेडमधून पार्टिशनची *सुरुवात* सरकवायची म्हटली तर सगळा डेटा ब्लॉकमागून ब्लॉक हलतो. त्यात करंट गेला तर अर्धी फाइल सिस्टिम जुन्या जागी, अर्धी नव्या. खानापूर-चोर्ल्याकडच्या पावसात तो उद्योग नकोच.

उद्यमबाग_स्टोअर

झालं! ५ काढलं, २ काढलं, मग -यू गपगुमान चाललं. रिसाइझला वेळ लागला, पण डीएफ आता १.८ टी दाखवतोय. स्वॅप जुन्याच यूयूआयडीनं चालू. संध्याकाळी सगळे गेल्यावर मुद्दाम रीबूट केलं, सरळ उठली.

एकच राहिलं: एफडिस्क -एल खाली म्हणतोय, पार्टिशन १ फिजिकल सेक्टरच्या सीमेवर सुरू होत नाही. यावर काही करायचं काय?

सेक्टर_मोजणारा

ते खरं आहे. तुमची नवी डिस्क आत ४०९६ बाइटचे सेक्टर ठेवते आणि बाहेर ५१२ चे दाखवते. ६३ ला ८ नं भाग जात नाही, बाकी ७ उरते. त्यामुळं फाइल सिस्टिमचा प्रत्येक ४ केचा ब्लॉक दोन फिजिकल सेक्टरांवर पसरतो. सुटा ब्लॉक लिहायचा तर डिस्क दोन्ही सेक्टर वाचते, दुरुस्त करते, परत लिहिते. वाचताना फारसं कळत नाही, बारक्या बारक्या फायली लिहिताना कळतं. जुनी ५०० जीबी ५१२ चीच असणार, म्हणून तिथं हा प्रश्न आला नाही.

दुसरी अडचण ग्रबची. ६३ च्या आधी ६२ सेक्टर, म्हणजे ३१७४४ बाइट, एवढ्यातच कोअर इमेज बसवायचा. आज बसलाय. पुढं कधी ग्रब-इन्स्टॉल म्हणेल की इमेज जागेत मावत नाही.

सरकवू नका, वर सांगितलंच आहे. सवड मिळेल तेव्हा वेगळ्या डिस्कवर जीपीटी (नव्या पद्धतीचं पार्टिशन टेबल) करा आणि नवी ईएक्सटी४ बनवून आरसिंकनं फायली न्या (छोटा ए, मग मोठे एच, ए, एक्स, आणि --वन-फाइल-सिस्टिम). बायोस बूट आहे म्हणून पुढं १ एमआयबीचं बायोस बूट पार्टिशन लागेल, जीडिस्कमध्ये टाइप ईएफ०२. जीपीटीत एमबीआरच्या मागं ग्रबला लपायला जागा नसते, हे विसरतात आणि मग ग्रब-इन्स्टॉल अडतो. एफएसटॅबमध्ये नव्या यूयूआयडी घाला.

आणि ती ५०० जीबीची जुनी डिस्क तशीच ठेवा, तिच्यावर काही लिहू नका. पण या मशीनला दोन्ही जोडून बूट करू नका. डीडीची प्रत म्हणजे यूयूआयडी सगळ्या सारख्याच, कुठली डिस्क रूट म्हणून माउंट होईल याचा भरवसा नाही. अर्धी बिलं एका डिस्कवर, अर्धी दुसऱ्यावर. बघायचीच असेल तर यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या मशीनवर, फक्त वाचायला.

शहापूर_पेठ

हाच धागा शोधत कुणी येईल आणि त्यानं रीबूट आधीच केलेलं असेल, त्याच्यासाठी. लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करा. ३२२५६ आणि १०४८५७६ या दोन ऑफसेटवर तीच बीएलकेआयडी चालवा, बहुतेक वेळा एकावर सापडतं. सापडलं की लॉसेटअप -आर -ओ ३२२५६ -एफ --शो /डेव्ह/एसडीए नं फक्त वाचायचा लूप बनवा आणि त्यावर ई२एफएससीके -एन (फक्त तपासणी). स्वच्छ आलं की वरच्यासारखं एसएफडिस्क. दोन्हीकडं नाही सापडलं तर हरवलेली पार्टिशन शोधणाऱ्या टेस्टडिस्कला शोधायला सांगा, पण राइट दाबायच्या आधी त्यानं काढलेले आकडे लिहून घ्या.

चुकीच्या जागी असलेल्या पार्टिशनवर एफएससीके -वाय (न विचारता दुरुस्ती) मात्र कुणी मारू नये. तो म्हणेल सुपरब्लॉक खराब आहे, ३२७६८ वरचा बॅकअप वापरून बघा. सुपरब्लॉक खराब नसतो, आपणच चुकीच्या दारात उभे असतो.

उद्यमबाग_स्टोअर

सगळ्यांचे आभार. जाता जाता एक फालतू प्रश्न. ओळखायला सोपं म्हणून ई२लेबलनं रूटला 'बेळगाव' नाव दिलं, तर त्यानं इशारा दिला आणि शेवटचं अक्षर फुटलेलं दिसतंय.

सेक्टर_मोजणारा

फालतू नाही. ईएक्सटीच्या लेबलला १६ बाइट मिळतात, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्राही वेगळी धरून. बेळगाव म्हणजे ब, मात्रा, ळ, ग, काना, व: सहा चिन्हं, १८ बाइट. तो १६ वर कापतो, म्हणून 'व' चा एकच बाइट उरला. निपाणीही १८, बसत नाही. गोकाक १५, बसतं. अथणी १२, आरामात.

रोमनमध्ये लेबल ठेवा. पुढं जीपीटी केलीत तर पार्टिशनचं नाव यूटीएफ-१६ मध्ये असतं, ३६ चिन्हांपर्यंत. तिथं खुशाल 'बेळगाव उद्यमबाग ड्रॉइंग' लिहा.

निपाणी_टर्मिनल

निपाणी बसत नाही याची नोंद घेतली आहे.